तारेवरचं कॉम्बॅट आणि साडेतीनशे ग्रॅमचा प्रश्न

संक्रांतीला गच्चीवर ज्यानं काटाकाटी केली आहे, त्याला कंट्रोल-लाइन कॉम्बॅट समजायला वेळ लागत नाही. मांजाच्या जागी दोन पोलादी तारा, पतंगाच्या जागी ताशी १८० किलोमीटरनं घोंघावणारं छोटं मॉडेल विमान. फरक एवढाच की इथं समोरच्याची तार कापायची नसते. त्याच्या विमानामागं क्रेप कागदाची लांब शेपटी बांधलेली असते, ती आपल्या पंख्यानं कापायची. एका तुकड्याचे १०० गुण. सामना ४ मिनिटांचा. दोन्ही खेळाडू मधल्या एकाच वर्तुळात, एकमेकांच्या तारांखालून वाकून निसटत.

१९४०च्या सुमारास अमेरिकेत, ओरेगॉनमधल्या पोर्टलंड शहरात जिम वॉकरनं ही पद्धत 'यू-कंट्रोल' नावानं लोकप्रिय केली. मुठीत एक हँडल, तिथून विमानापर्यंत दोन तारा, विमानात एक त्रिकोणी तरफ, आणि तरफेला जोडलेली शेपटाची वरखाली हलणारी पट्टी, म्हणजे एलेव्हेटर. मनगट वर झुकवलं की विमान वर, खाली झुकवलं की खाली. रेडिओ नाही, काही नाही. आपल्याकडं एनसीसीच्या एअर विंगमधल्या कॅडेटांना हा प्रकार नवा नाही. पहिल्या दहा फेऱ्यांत विमानापेक्षा आपण जास्त गरगरतो, हेही त्यांना ठाऊक असतं.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेतल्या एफ-२-डी या वर्गात इंजिन २.५ घनसेंटिमीटरचं आणि तारा साधारण १६ मीटरच्या. इंधन मिथेनॉल, त्यात वंगण म्हणून चक्क एरंडेल. त्याच्या जळण्याचा वास एकदा नाकात बसला की वर्षानुवर्षं जात नाही. आवाजाचं मात्र कौतुक फक्त उडवणाऱ्याला. मैदानाशेजारी राहणाऱ्यांना नाही. म्हणूनच प्रश्न येतो: हे विजेवर का नको?

पहिलं उत्तर असं मिळतं की विजेत तेवढी ताकद नाही. हे चूक आहे. मुठीएवढी ब्रशलेस मोटर अर्धा किलोवॅट सहज देते, आणि या इंजिनांचा जोरही साधारण त्याच घरातला. अडतं ते वजनावर.

हिशोब मांडू. अर्धा किलोवॅट गुणिले ४ मिनिटं म्हणजे ३३ वॅट-तास. मोटर आणि तिला वीज मोजून देणारा कंट्रोलर यांच्यातली गळती धरली तर बॅटरीतून ४३ काढावे लागतात. लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर, बॅटरी पार रिकामी केली तर ती फुगून मरते, म्हणून पाचवा हिस्सा शिल्लक ठेवायचा. म्हणजे बॅटरी ५४ वॅट-तासांची हवी. इतक्या वेगानं उपसता येणारी लिपो किलोमागं साधारण १४० ते १५० वॅट-तास देते. उत्तर येतं साडेतीनशे ग्रॅमच्या वरच. अख्खं कॉम्बॅट विमान असतं साडेचारशेच्या आसपास! एक किलो मिथेनॉलमध्ये एक किलो लिपोच्या सुमारे ४० पट ऊर्जा असते. छोटं इंजिन त्यातली बहुतेक उष्णता म्हणून उधळून टाकतं, तरीही त्याचं काम शंभरेक ग्रॅम इंधनात भागतं, आणि तेही उडता उडता हलकं होत जातं. बॅटरी शेवटच्या सेकंदापर्यंत तेवढीच जड.

जड झालं तर काय बिघडलं, वेग वाढवू, असं वाटू शकतं. इथंच खरी गंमत आहे. वेग दुप्पट केला की पंखांचा उचलणारा जोर चौपट होतो. पण तेवढ्याच त्रिज्येत वळायलाही चौपट जोर लागतो. दोन्ही चौपटी एकमेकींना खाऊन टाकतात. विमान किती लहान गोता मारू शकेल हे वेगावर ठरतच नाही. ते ठरतं वजन आणि पंखाच्या क्षेत्रफळावर. साडेचारशे ग्रॅमचं विमान साधारण अडीच मीटर त्रिज्येत कोलांटी घेत असेल, तर तोच पंख ७०० ग्रॅमला चार मीटर मागतो. समोरचा झपकन आत वळून तुमच्या शेपटीमागं येतो, तेव्हा तुम्ही अजून वळतच असता. सामना तिथंच संपला.

पण या गणिताला दुसरी बाजूही आहे, आणि माझ्या मते विमान विजेवर नेण्याची किल्ली तिथं आहे. वळण वेगावर अवलंबून नसेल, तर वेग कमी करा की! हवेचा अडथळा कापायला लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनात वाढते. १८०चे १५० केले तर शक्ती ५८ टक्क्यांवर येते, आणि बॅटरीही त्याच प्रमाणात हलकी होते: साडेतीनशेच्या जागी दोनशेच्या थोडी वर. सामना ४ऐवजी २ मिनिटांचा केला तर आणखी निम्मी. अमेरिकेत इंधनाच्या विमानांसाठीही वेगमर्यादेचं कॉम्बॅट खेळलं जातं. विजेत तर ती मर्यादा मोटरच्या कंट्रोलरलाच शिकवता येते: फेरे अमुक इतकेच, चढावर कमी नाहीत आणि उतारावर जास्त नाहीत. वेगाचे शौकीन नाक मुरडतील. मुरडू देत.

विजेचे काही फायदे फुकटात मिळतात. झटक्याच्या वळणात टाकीतलं इंधन एका बाजूला फेकलं जातं आणि इंजिन तहानेलं राहतं. म्हणून कॉम्बॅटवाल्यांनी फाउंटन पेनातली रबरी पिशवी किंवा बाळाची चोखणी इंधनानं फुगवून टाकी म्हणून वापरली. रबर आकसतं आणि दाबानं इंधन ढकलत राहतं. विजेला हा त्रास नाही. तार तुटून विमान उधळलं तर मोटर बंद करायला तरफेजवळ एक छोटा स्विच बसवता येतो: ताण गेला, वीज गेली. विमान आपटल्यावर इंजिन पुन्हा चालू करताना मेकॅनिकची बोटं सोलवटतात. मोटरला नुसती कळ पुरते.

आता वाईट भाग. शेपटीचा दोरा पंख्याच्या दांड्यात गुंडाळला तर इंजिन गपगुमान बंद पडतं. अडकलेली मोटर मात्र वीज ओढत राहते आणि काही क्षणांत कंट्रोलर जळतो; प्रवाह वाढताच तोडणारी सोय त्यात हवीच. ताशी दीडशे किलोमीटरनं, चार मीटरच्या गोत्यात, गुरुत्वाकर्षणाच्या चाळीस पटींहून जास्त जोर लागतो. म्हणजे २०० ग्रॅमची बॅटरी त्या क्षणी आठ किलोंच्या पुढची झालेली असते. वेल्क्रोच्या एका पट्टीवर विसंबू नका. मोटरच्या मागं बॅटरी आणि मध्ये काहीच नाही अशी रचना केली, तर नाकावर पडताना बॅटरी थेट मोटरच्या बोल्टांवर जाऊन भोसकली जाते.

आणि भोसकलेली लिपो लगेच पेट घेईलच असं नाही. कधी ती दहा मिनिटं शांत बसते, मग गोडसर वासाचा धूर सोडते. म्हणून आपटलेल्या विमानातून ती आधी काढायची आणि मैदानाच्या कडेला वाळूच्या बादलीत ठेवायची. तोवर दुसरं विमान हवेत गेलेलं असतं, खेळाडू वर बघत गरागरा फिरत असतो, आणि मेकॅनिकचा एक डोळा वर्तुळावर, दुसरा बादलीवर.