आपत्तिकालीन शालेय आरोग्यसंरक्षण

भूकंप, पूर, चक्रीवादळ, आग अशा आपत्तींत आणि त्यांनंतर विद्यार्थ्यांच्या शारीरिक व मानसिक आरोग्याच्या जपणुकीसाठी शाळेत योजल्या जाणाऱ्या उपायांना ही संज्ञा लावतात. या विषयाचा उगम सर्वसाधारणपणे इमारतींच्या सुरक्षेच्या विचारात शोधला जातो. १० मार्च १९३३ रोजी कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथील भूकंपात अनेक शाळा ढासळल्या. सायंकाळची वेळ असल्याने वर्ग रिकामे होते. पुढच्याच महिन्यात शालेय बांधकामावर नियंत्रण ठेवणारा फील्ड कायदा संमत झाला. पाणी, स्वच्छता आणि मनःस्वास्थ्य यांचा शाळेच्या संदर्भातील पद्धतशीर विचार मात्र बराच अलीकडचा दिसतो.

शाळा पुन्हा उघडताना पहिला प्रश्न पाण्याचा असतो. मानवतावादी मदतकार्यासाठीच्या ‘स्फिअर’ या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार पिण्यासाठी व हात धुण्यासाठी विद्यार्थ्यामागे रोज ३ लिटर पाणी, तसेच ३० मुलींमागे एक व ६० मुलग्यांमागे एक शौचकूप असावे. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्ची पडते, म्हणून पाणी आधी निवळू देतात. क्लोरीन मिसळून अर्धा तास उलटल्यावर मुक्त अवशिष्ट क्लोरीन, म्हणजे जंतू मारण्यासाठी पाण्यात शिल्लक उरलेले क्लोरीन, तपासतात. नळीतल्या नमुन्यात डीपीडी या क्लोरीनदर्शक रसायनाची गोळी विरघळली की पाणी गुलाबी होते आणि ती छटा तक्त्याशी ताडून लिटरला सुमारे ०.५ मिलिग्रॅम हे प्रमाण साधले की नाही ते ठरवतात. शाळेत निर्वासितांना आसरा दिला असेल, तर वर्ग भरण्यापूर्वी तुंबलेली शौचकूपे उपसणे ओघानेच येते. दाटीच्या वस्तीत गोवराची लस अग्रक्रमाने देतात.

मानसिक उपचारांबाबत मतभेद आहेत. अमेरिकेतील जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये आपत्कालीन सेवांतील कर्मचाऱ्यांसाठी मांडलेली, घडलेला प्रसंग गटात तपशिलाने बोलून घेण्याची ‘डीब्रीफिंग’ पद्धत पुढे शाळांतही वापरली गेली. अशा एकाच बैठकीने आघातोत्तर तणाव टळत नाही, क्वचित तो वाढतोही, असे नंतरच्या पुराव्यांच्या आढाव्यांत आढळले. त्यांतील बहुतेक चाचण्या प्रौढांवरच्या होत्या, हा आक्षेप रास्त असला तरी मुलाला बोलण्याची सक्ती न करणे अधिक सयुक्तिक वाटते. जागतिक आरोग्य संघटना व तिच्या सहयोगी संस्थांच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचारविषयक मार्गदर्शिकेचा रोखही तसाच आहे. लहान मुले ठोकळ्यांची इमारत रचून ती पुन्हा पुन्हा पाडतात, दार आपटले तरी दचकतात, काहींचे अंथरूण ओले होऊ लागते; ओळखीचे शिक्षक आणि नेहमीचे वेळापत्रक मिळाल्यावर ही लक्षणे पुष्कळांत हळूहळू ओसरतात. ती आठवडेच्या आठवडे टिकल्यास तज्ज्ञाकडे पाठवावे लागते. शिक्षक स्वतःही बहुधा आपद्ग्रस्तच असतो, ही बाब नियोजनात सहज सुटते.