एक्सूसिया

एक्सूसिया : बायबलच्या नव्या करारातील ग्रीक शब्द. अधिकार, मुभा, सत्ता आणि सत्ता चालवणारी माणसे असे त्याचे अर्थ होतात. नव्या करारात तो सुमारे १०० वेळा येतो. ‘एक्सेस्तिन’ (मुभा आहे, चालते) या क्रियापदाशी त्याचे नाते आहे. कैसराला (रोमी सम्राटाला) कर देणे योग्य की नाही, असे येशूला विचारतात तेव्हा (मार्क १२.१४) हेच क्रियापद वापरलेले आहे. निव्वळ सामर्थ्यासाठी ग्रीकमध्ये ‘दुनामिस’ हा वेगळा शब्द आहे. एक्सूसियामागे कोणीतरी दिलेली मुभा असते. रोमी शताधिपती आधी आपण स्वतः एक्सूसियाखाली आहोत असे सांगतो आणि मगच, शिपायाला ‘जा’ म्हटले की तो जातो, असे म्हणतो (मत्तय ८.९).

जुन्या करारातील दानीएलाच्या पुस्तकाच्या ग्रीक भाषांतरात (७.१४) मूळ ॲरामाइक ‘शोल्तान’साठी एक्सूसिया आला आहे. अरबी ‘सुल्तान’ याच धातूचा असून तो बहुधा ॲरामाइकमार्गे अरबीत गेला असावा. अर्थात मराठीतल्या ‘अस्मानी-सुलतानी’तील सुलतानी याच कुळातली ठरते. अरबीतही या शब्दाचा अर्थ आधी ‘सत्ता’ असा होता, ‘सत्ताधारी’ हा नंतरचा. एक्सूसियाचेही असेच झालेले दिसते. मराठी बायबलमध्ये ‘अधिकार’ आणि ‘अधिकारी’ असे दोन शब्द योजावे लागतात, त्यामुळे मूळची संदिग्धता झाकली जाते. व्यवस्था आणि व्यक्ती दोन्ही सामावणारा ‘सरकार’ हा आपला शब्द त्याच्या अधिक जवळचा आहे.

खरा वाद नव्या करारातील, प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्र, अध्याय १३ याविषयी आहे. पत्राचा काळ साधारणपणे इ.स. ५५ ते ५८ मानतात. म्हणजे नीरोच्या कारकिर्दीची सुरुवातीची वर्षे. पहिल्या तीन वचनांत हा शब्द चार वेळा येतो, आधी अनेकवचनी, मग एकवचनी. ‘वरिष्ठ एक्सूसियांच्या’ अधीन राहा, असे पौल सांगतो. या एक्सूसिया म्हणजे देवदूतीय शक्ती, असे काही जण दुसऱ्या शतकातच म्हणत होते. त्याच शतकातील ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ आयरेनियसने त्यांना उत्तर दिले : पौल पुढे कर भरायला सांगतो, आणि कर देवदूतांना भरत नाहीत. विसाव्या शतकात, विशेषतः जर्मनीत नाझी सत्ता असताना, हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. बायबलचे अभ्यासक ऑस्कर कुलमान यांनी दुहेरी अर्थ सुचवला : राज्यसत्ता आणि तिच्यामागील अदृश्य शक्ती, दोन्ही. पौलाच्या नावावरील पत्रांत अनेकवचनी एक्सूसिया बहुतेकदा अशा शक्तींसाठी येतो (इफिस ६.१२, कलस्सै १.१६), हा त्यांचा आधार. उलट, दुसरे अभ्यासक ऑगस्ट श्ट्रोबेल यांनी १९५६ मध्ये या उताऱ्याची शब्दकळा हेलेनिस्टिक-रोमी (ग्रीक-रोमी) प्रशासनातली असल्याचे दाखवले.

दुसरे मत, म्हणजे इथल्या एक्सूसिया म्हणजे मानवी सत्ताधारीच, अधिक सयुक्तिक वाटते. इफिस आणि कलस्सैमध्ये सोबत ‘आर्खाय’ (अधिपती) हा शब्द येतो, तो इथे नाही. शिवाय अदृश्य शक्तींना ख्रिस्त अखेरीस नष्ट करतो (१ करिंथ १५.२४), त्यांच्या अधीन राहा, असे विश्वासणाऱ्यांना पौल कुठेच सांगत नाही. तलवार, कर आणि जकात ही या उताऱ्यातली सामग्री रोमी शहराच्या रोजच्या जीवनातली आहे.

१ करिंथ ११.१० मध्ये स्त्रीच्या मस्तकावरील एक्सूसियाचा उल्लेख आहे. तिथे तिच्यावरील अधिकाराची खूण अभिप्रेत आहे की तिचा स्वतःचा अधिकार, याबाबत एकमत नाही.