समितीत मॅडम, खुर्चीत सर

कॉलेजातली मीटिंग संपत आलेली असते. चहा येऊन गेलेला. प्राचार्य शेवटचा विषय काढतात, 'मग सेमिनारचा अहवाल कोण करणार?' आणि एकदम सगळ्यांना मोबाईल बघायची आठवण होते. कुणी पेनाचं टोपण काढतं, पुन्हा लावतं. शांतता अर्धा-एक मिनिट टिकते. मग एक मॅडम म्हणतात, 'द्या सर, मी बघते.' त्या बोलल्या नाहीत तर प्राचार्यच सुचवतात, 'मॅडम, तुमचं लिखाण चांगलं आहे, तुम्हीच घ्या.' कोल्हापूर असो, गडहिंग्लज असो की जयसिंगपूर, हा प्रवेश ठरलेला.

त्या अर्ध्या मिनिटाच्या शांततेवर रीतसर प्रयोग झालेले आहेत. लिंडा बॅबकॉक, मारिया रेकाल्डे, लिसे वेस्टरलुंड आणि लॉरी वाइनगार्ट या चौघींचा अभ्यास अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झाला. खेळ साधा. तिघांचा गट, प्रत्येकासमोर संगणक, दोन मिनिटांचा वेळ. कुणीच बटण दाबलं नाही तर प्रत्येकी एक डॉलर. एकानं दाबलं तर दाबणाऱ्याला सव्वा डॉलर आणि उरलेल्या दोघांना दोन-दोन. म्हणजे बटण दाबलं जावं असं तिघांनाही वाटतं, फक्त ते दुसऱ्यानं दाबावं. अशा दहा फेऱ्या, दर फेरीला गट नवा. बायकांनी दहापैकी सरासरी ३.४ वेळा बटण दाबलं, पुरुषांनी २.३ वेळा.

आता यावर स्टाफरूममधलं हमखास उत्तर असं, की बायकांना अशा कामांची हौसच असते. संशोधकांनी तेही तपासलं. नुसत्या बायकांचे गट केले, नुसत्या पुरुषांचे केले. दोन्हीकडे बटण जवळपास सारखंच दाबलं गेलं. हौस स्वभावात असती तर शेजारी कोण बसलंय यावरून ती कमी-जास्त झाली नसती. समोर बाई नाही म्हटल्यावर पुरुष निमूटपणे काम उचलतात. बाई असली की थांबतात, आणि आपल्यासाठी थांबलेत हे बाईलाही ठाऊक असतं. पुढच्या प्रयोगात एकाला साहेब केलं आणि बाकीच्यांपैकी एकाला काम सांगायची मुभा दिली. बायकांना ४४ टक्के जास्त वेळा काम सांगितलं गेलं. सांगितल्यावर हो म्हणण्याचं प्रमाण बायकांत ७६ टक्के, पुरुषांत ५१ टक्के. आणि साहेबाच्या जागी बाई बसवली तरी चित्र बदललं नाही, हे मला यातलं सगळ्यांत बोचरं वाटतं.

एका अहवालानं काय होतं, असं कुणी म्हणेल. होतं ते असं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे प्राचार्यपदासाठी पीएचडी, १५ वर्षांचा अनुभव आणि किमान १० शोधनिबंध लागतात. प्राध्यापकपदालाही १० शोधनिबंधांची अट आहे, आणि पुढे कुलगुरू व्हायचं तर दहा वर्षांची प्राध्यापकी हवी. म्हणजे खुर्चीकडे जाणारा जिना शोधनिबंधांचा आहे. समित्यांचं काय? सहायक प्राध्यापकाच्या मूल्यमापनात निदान तीन उपक्रमांत सहभाग असला की 'चांगला' हा शेरा मिळतो. चौथ्या समितीला काही नाही, सातव्यालाही नाही. एका जादा समितीला आठवड्याचे दोन तास धरले तर चार जादा समित्यांत तीस आठवड्यांचे २४० तास गेले. त्यात प्रवेश समिती, महिला तक्रार निवारण, सूत्रसंचालन, पाहुण्यांसाठी पुष्पगुच्छ आणि दारातली रांगोळी. शाल-श्रीफळ आणायला सर जातात, हेही सांगायला हवं.

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सात निकषांपैकी तिसरा संशोधनाचा. क्रायटेरिया थ्रीची फाईल कोण तयार करतं हे एकदा आपापल्या कॉलेजात बघा. इतरांचे शोधनिबंध गोळा करायचे, लिंका तपासायच्या, कार्यक्रमांचे जिओ-टॅग फोटो लावायचे, तक्ता पुन्हा पुन्हा दुरुस्त करायचा. मी पाहिलेल्या फायलींत अनेकदा तयार करणाऱ्या मॅडमचंच नाव त्या तक्त्यात सगळ्यांत कमी वेळा असतं.

विज्ञान शाखेत याचा फटका जास्त बसतो, कारण प्रयोगाचा वेळ तुकड्यांत मोडता येत नाही. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ पातळ थरांच्या, म्हणजे थिन फिल्मच्या संशोधनासाठी देशभर ओळखलं जातं. त्यातली एक पद्धत 'सिलार'. काचेची पट्टी एका द्रावणात काही सेकंद बुडवायची, धनभारित आयन तिला चिकटतात. मग पाण्यात धुवायची, म्हणजे सैल बसलेले आयन निघून जातात. मग दुसऱ्या द्रावणात, तिथे ऋणभारित आयनांशी संयोग होतो. पुन्हा पाण्यात. हे एक आवर्तन, आणि त्यातून चढणारा थर नॅनोमीटरच्या हिशेबात मोजावा इतका. सुपरकपॅसिटर किंवा वायू-संवेदकासाठी वापरता येईल असा थर हवा तर अशी कितीतरी आवर्तनं लागतात, आणि दर वेळचे सेकंद सारखे पाहिजेत. चाळिसाव्या आवर्तनाला शिपाई निरोप घेऊन आला, 'मॅडम, ऑफिसात बोलावलंय, उद्याच्या पाहुण्यांचं काय ते बघायचंय', की ती पट्टी गेली. थर असमान बसला, उद्या पुन्हा पहिल्यापासून. आणि उद्या पाहुणे आहेत.

मुली विज्ञानाकडे येत नाहीत, हे तर आता कुणी म्हणूच नये. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये विज्ञान शाखेत पदवीपासून पीएचडीपर्यंत २९.८ लाख मुली होत्या आणि २७.४ लाख मुलगे. तरी देशातल्या संशोधकांत बायकांचा वाटा २०१८ साली १६.६ टक्केच होता.

पूर्वीचा अडथळा निदान उघड होता. १९३३ मध्ये कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या तेव्हा सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा अटी घालून वर्षभर तात्पुरतं घेतलं. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएचडी मिळवली, वनस्पतींमधल्या सायटोक्रोम-सी वरच्या कामाबद्दल. आज असं तोंडावर कुणी नाकारत नाही. आज 'तुम्हीच घ्या मॅडम' म्हणतात.

यावर उपाय म्हणून मॅडमना 'नाही म्हणायला शिका' असं सांगण्यात फारसा अर्थ नाही. नाही म्हणणारा सर रोखठोक ठरतो आणि नाही म्हणणारी मॅडम आखडू. कोण हो म्हणतंय याची वाटच बघू नये, पाळी लावावी किंवा चिठ्ठी काढावी. भिशीत चिठ्ठी निघते तशी वर्षाच्या सुरुवातीला समित्यांची काढायची. 'सरांना सूत्रसंचालन जमत नाही' ही तक्रार येईल. पाळी आली की जमेल.

खुर्चीवर बाई बसली म्हणजे खाली काय बदलतं, हा खरा मोलाचा प्रश्न, आणि त्यात कोल्हापूरचा इतिहास बोलका आहे. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेहून डॉक्टर होऊन निघाल्या तेव्हा कोल्हापूर संस्थानानं त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या, म्हणजे आजच्या सीपीआरच्या, स्त्री विभागाचं प्रमुखपद देऊ केलं. रुजू होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ ला क्षयानं त्या गेल्या. बावीसही पुरी नव्हती. पुढे राजर्षी शाहूंनी संस्थानातल्या मुलींच्या शाळांची देखरेख रखमाबाई केळवकरांकडे सोपवली. त्यांची मुलगी कृष्णाबाई डॉक्टर झाली आणि त्याच आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात काम करू लागली. आईचं पद बघून मुलगी पुढे गेली, असं म्हणायचा मोह होतो. पण एका घरावरून शास्त्र सिद्ध होत नाही. सुशिक्षित घर, राजाचा पाठिंबा, यातलं कशानं किती झालं हे वेगळं काढता येत नाही.

वेगळं काढायला सोडत लागते. आपल्याकडे सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते, त्या दिवशी गावोगाव काय वातावरण असतं ते सांगायला नको. पश्चिम बंगालमध्येही प्रधानपदं बायकांसाठी राखीव झाली आणि कोणतं गाव राखीव हे कुणाच्या मर्जीवर नव्हतं. त्यामुळे राखीव आणि बिनराखीव गावांची तुलना चक्क औषधाच्या चाचणीसारखी करता आली. लोरी बीमन, एस्थर डफ्लो, रोहिणी पांडे आणि पेट्या टोपालोवा यांनी बीरभूम जिल्ह्यातल्या ४९५ गावांत ती केली. जिथे दोन कार्यकाळ महिला प्रधान होत्या तिथे किशोरवयीन मुला-मुलींच्या आकांक्षांमधली दरी ३२ टक्क्यांनी कमी झाली, शिक्षणातला फरक पुसला गेला आणि मुलींचे घरकामाचे तास घटले. तरुण मुलींसाठी नोकऱ्या वाढल्याचा पुरावा मात्र नव्हता. म्हणजे बदल घडला तो मुख्यतः डोळ्यांसमोर दिसणाऱ्या बाईमुळे.

पण त्याच संशोधकांचं २००९ मधलं आणखी एक निरीक्षण आहे. गावकऱ्यांना एकच भाषण ऐकवलं, कुणाला पुरुषाच्या आवाजात तर कुणाला बाईच्या. जिथे कधीच महिला प्रधान नव्हत्या तिथे पुरुषांनी बाईच्या आवाजातल्या नेत्याला कमी गुण दिले. शब्द तेच होते. पहिल्यांदा आलेल्या महिला प्रधानांनाही लोकांनी कमी लेखलं, काम कमी नसताना. दुसऱ्यांदा बाई आली तेव्हा हा भेदभाव मावळला, आणि पुढे बिनराखीव जागांवरही बायका जास्त प्रमाणात उभ्या राहिल्या, निवडून आल्या.

सीएसआयआर, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, १९४२ ला स्थापन झाली आणि २०२२ मध्ये एन. कलैसेल्वी तिच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या. लिथियम बॅटरीवर आयुष्य घालवलेल्या या बाईंची बातमी सगळीकडे झळकली. आपल्याकडेही एखाद्या कॉलेजात 'पहिल्या महिला प्राचार्य' आल्या की फोटो छापून येतो, सत्कार होतो. बीरभूमचे आकडे बघता सगळ्यांत कडक परीक्षा त्यांचीच असते, कारण तुलनेला आधी कुणी बाई नसते. त्या निवृत्त झाल्यावर खुर्ची पुन्हा तीस वर्षं सरांकडे गेली तर ते गुण पुन्हा शून्यापासून मोजले जाणार. दुसऱ्या मॅडमची बातमी होणार नाही, फोटोही येणार नाही, पण गुण सरळ मिळायला लागतात ते त्यांच्यापासून.