बांगड्याचा वास येतो, मग विषाणू का येत नाही?

कोविडच्या काळात गोव्याच्या मासळी बाजारांत एक वाक्य इतक्यांदा कानावर पडलं की त्याला म्हणीचा दर्जा द्यायला हरकत नाही. "वास येता मरे, मागीर व्हायरस कित्याक येवचो ना?" मास्क हनुवटीवर ओढून बांगड्याचे कल्ले उघडून बघणारा हे म्हणायचा आणि आजूबाजूचे माना डोलवायचे. आजही सर्दी-तापाची साथ आली आणि डॉक्टरांनी गर्दीत मास्क लावा म्हटलं की हा युक्तिवाद पुन्हा डोकं वर काढतो. वरवर पाहता तो बिनतोड आहे. ज्या फटीतून वास आत येतो, तिच्यातून विषाणूला यायला कोण अडवणार?

याच काळात एक अगदी उलटी समजूतही रुजली. मास्क लावून हॉटेलच्या दारातून आत गेलं, कपाळावर तापमापक यंत्र रोखून घेतलं, की आपण सुरक्षित. पहिल्या समजुतीपायी लोक बाजारात मास्क काढत होते आणि दुसरीच्या भरवशावर एसी फॅमिली रूममध्ये जाऊन फिश थाळी मागवत होते. विज्ञान दोन्ही ठिकाणी नेमकं उलटं सांगतं.

आधी वासाचं बघू. समुद्रातल्या माशांच्या शरीरात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं संयुग असतं. खाऱ्या पाण्यात राहूनही पेशींतलं पाणी निघून जाऊ नये, म्हणून माशाला त्याचा उपयोग होतो. या संयुगाला वास नाही. मासा मेल्यावर बॅक्टेरिया त्यातला ऑक्सिजन काढून घेतात आणि मागे उरतं ट्रायमिथाइलअमाइन. आपण ज्याला माशाचा वास म्हणतो तो मुख्यतः हा. गोड्या पाण्यातल्या माशांत मूळ संयुगच फार कमी असतं, त्यामुळे त्यांना हा विशिष्ट दर्प नसतो. ट्रायमिथाइलअमाइन आम्लारी आहे. चिंच किंवा सोलं लागली की त्याचा क्षार होतो, आणि क्षार हवेत उडत नाही. हुमणात आंबट घालायचं शहाणपण रसायनशास्त्राच्या पुस्तकाआधी स्वयंपाकघरात आलं ते असं.

या वासाचा एक रेणू अवघ्या १३ अणूंचा. लांबी-रुंदी साधारण अर्धा नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). कोरोनाचा विषाणू साधारण १०० नॅनोमीटरचा, म्हणजे व्यासात दोनशे पट आणि घनफळात लाखो पट मोठा. शिवाय विषाणू हवेत एकटा, उघडावाघडा फिरत नाही. बोलताना, खोकताना उडालेल्या लाळेच्या आणि श्लेष्माच्या कणात बसून तो येतो, आणि ते कण त्याच्याहून पुष्कळ मोठे असू शकतात.

इथे बरेच लेख थांबतात. वास लहान, विषाणू मोठा, म्हणून लहान सुटतो आणि मोठा अडकतो, संपलं. पण हे उत्तर अर्धं चूक आहे, कारण त्यात मास्क म्हणजे चाळण असं गृहीत धरलंय. सर्जिकल मास्कचा मधला थर सूक्ष्मदर्शकाखाली बघा. पॉलिप्रोपिलिन या प्लास्टिकचे काही मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर) जाडीचे धागे आडवेतिडवे पसरलेले, आणि त्यांच्यामधल्या फटी विषाणूच्या कित्येक पट रुंद. चाळणीच्या हिशेबाने विषाणू आरामात पलीकडे जायला हवा. मास्कविरोधकांचा 'भोकं मोठी, विषाणू लहान' हा दुसरा लाडका मुद्दा इथूनच येतो. भोकं मोठी आहेत हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. कणाला अडवायचं काम भोकं करत नाहीत, धागे करतात.

हवा धाग्याजवळ आली की त्याला वळसा घालून पुढे जाते. हवेबरोबर येणारा मोठा कण, समजा दोन-पाच मायक्रॉनचा, जड असल्यामुळे तेवढ्या चपळाईने वळू शकत नाही. तो सरळ जाऊन धाग्यावर आदळतो. त्याहून लहान कण हवेबरोबर वळतात, पण वळताना त्यांची कड धाग्याला घासली की तिथेच चिकटतात. अगदी लहान कणांची, म्हणजे ०.१ मायक्रॉनच्या आतल्यांची, गोष्ट वेगळी. हवेचे रेणू त्यांना सगळ्या बाजूंनी सतत धक्के देत असतात, त्यामुळे ते वेडेवाकडे भरकटतात. हीच ब्राउनियन गती, जिचं गणित आइन्स्टाइनने १९०५ साली मांडलं. भरकटणारा कण एवढ्या धाग्यांच्या जंजाळातून कुठेही न आपटता बाहेर पडण्याची शक्यता कमीच.

मोठे आदळून अडकतात, छोटे भरकटून अडकतात. सर्वांत जास्त निसटतात ते मधले, साधारण ०.३ मायक्रॉनचे. आदळण्याइतके ते जड नाहीत आणि भरकटण्याइतके हलके नाहीत. एन-९५ मास्कची परीक्षा याच आकाराच्या कणांनी घेतात ती यासाठी, आणि त्यातले निदान ९५ टक्के अडले तरच तो पास. म्हणजे ०.३ हा आकडा 'याहून लहान सगळं आत येतं' असं सांगणारी सीमा नव्हे. तो मास्कचा सर्वांत कच्चा दुवा आहे. त्याहून लहान कण उलट जास्त अडतात. भर म्हणून चांगल्या मास्कच्या मधल्या थरावर कायमचा विद्युतभार बसवलेला असतो. पीटर त्साय या संशोधकाच्या नावाशी जोडलं गेलेलं हे तंत्र १९९०च्या दशकातलं. त्यामुळे श्वास घेणं जड न होता धागे कणांना ओढून घेतात. मास्क साबणात बुचकळला किंवा सॅनिटायझरने भिजवला की हा भार जातो. गोव्यात किती एन-९५ मास्क धुऊन दोरीवर वाळत पडले असतील, ते न मोजलेलंच बरं.

आता खरी गंमत. लहान कण जास्त भरकटतात म्हणून जास्त अडकतात, हे खरं असेल तर वासाचा रेणू सर्वांत लहान, सर्वांत जास्त भरकटणारा. तो सर्वांत आधी अडकायला हवा! आणि तो धाग्यावर आपटतोही, क्षणोक्षणी आपटतो. पण आपटणं आणि अडकणं यांत फरक आहे. धाग्याच्या आणि कणाच्या पृष्ठभागांत व्हॅन डर वाल्स नावाचं अतिशय क्षीण आकर्षण असतं. कण हजारो-लाखो अणूंचा असला की त्या क्षीण ओढीची बेरीज मोठी होते आणि तो जागचा हलत नाही. १३ अणूंच्या रेणूला धरून ठेवायला तेवढी बेरीजच होत नाही. आपल्या खोलीच्या तापमानाला रेणूंची जी नैसर्गिक थरथर असते, तिच्या बळावर तो पुन्हा सुटतो, पुढच्या धाग्यावर आपटतो, तिथूनही सुटतो, आणि शेवटी तुमच्या नाकात पोचतो. बांगड्याचा वास येतो तो मास्कला भोकं आहेत म्हणून कमी, आणि पॉलिप्रोपिलिनला तो रेणू धरून ठेवता येत नाही म्हणून जास्त.

वास अडवायचा असेल तर सक्रिय कोळसा लागतो. त्याच्या एका ग्रॅममध्ये अतिसूक्ष्म छिद्रांच्या भिंतींचं मिळून हजारेक चौरस मीटर क्षेत्रफळ असतं. एवढ्या अरुंद छिद्रात रेणू शिरला की चहूबाजूंच्या भिंती त्याला ओढतात आणि ती बेरीज पुरेशी होते. त्यातही अमाइन वर्गाच्या वायूंसाठी कोळशावर वेगळी रासायनिक प्रक्रिया करावी लागते. म्हणून वास मारणारा पण कण बऱ्यापैकी सोडणारा मास्क बनवता येतो, आणि वास सोडून कण अडवणाराही. वास ही मास्कची परीक्षाच नव्हे.

वासाच्या नावाने त्या काळात आणखीही एक खूळ निघालं होतं. कापूर, ओवा आणि लवंगेची पुरचुंडी हुंगत राहा, रक्तातला ऑक्सिजन वाढतो, असे निरोप २०२१च्या उन्हाळ्यात घरोघरी फिरत होते. काहींनी पुरचुंडी मास्कमध्येच खोचली. कापराने नाकाला गार लागतं, नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, एवढंच. हवेतला ऑक्सिजन २१ टक्केच राहतो आणि फुप्फुसातली सूज जागच्या जागी. जास्त कापूर विषारीही असतो. आपल्या देवघरात तो आहे म्हणून तो औषध ठरत नाही.

बाजाराकडे परत येऊ. मास्क लावून मासळी घेताना वास येतो, पण मंद येतो. मास्कच्या आत आपलाच उच्छ्वास कोंडलेला असतो आणि पहिला हुंगा त्याचाच मिळतो. मग गिऱ्हाईक डोळ्यांवर आणि बोटांवर जास्त विसंबतं. कल्ले लालभडक आहेत का, डोळा फुगीर आणि स्वच्छ आहे का, पाठीवर बोट दाबून काढल्यावर खळगा भरून येतो का. माझ्या मते यात फारसं नुकसान नाही. नाक तसंही भरवशाचं पंच नाही. २०१८च्या जुलैत गोव्यात मासळी टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन वापरतात यावरून केवढा गदारोळ झाला, बाहेरून येणाऱ्या मासळीवर बंदी आली. फॉर्मेलिन बॅक्टेरियाच मारतं. बॅक्टेरिया नाहीत तर ट्रायमिथाइलअमाइन नाही, म्हणजे वास नाही, म्हणजे नाकाच्या लेखी मासा ताजा. बांगडा उन्हात राहिला तर त्यात हिस्टामिनही तयार होतं. त्याने अंगावर गांधी उठतात, चेहरा लाल होतो, आणि वासावरून त्याचा पत्ता लागत नाही.

घासाघीस मात्र अवघड झाली. साधा सर्जिकल मास्क वरच्या पट्टीतले आवाज तीन-चार डेसिबलने दाबतो, एन-९५ त्याहून बराच जास्त, आणि 'स', 'श', 'फ' यांसारखी व्यंजनं याच पट्टीत असतात. वर ओठही दिसत नाहीत. आपण ऐकताना नकळत ओठ वाचतो, हे मॅगर्क आणि मॅकडोनल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये दाखवून दिलं होतं. पडद्यावर एका अक्षराचे ओठ आणि कानात दुसरं अक्षर दिलं, तर माणसाला तिसरंच ऐकू येतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराच्या गलबल्यात साठ की सत्तर हे बोटांनी दाखवायची पाळी आली त्यामागे हे कारण.

केंद्राने १५ एप्रिल २०२० ला सार्वजनिक ठिकाणी तोंड झाकणं सक्तीचं केलं आणि ८ जूनपासून हॉटेलांना बसवून खाऊ घालायची मुभा दिली. सक्तीने माणसांच्या सवयी कशा बदलतात, यावर तेव्हा जगभर मोजमाप चाललं होतं. बर्लिनमध्ये दुकानांबाहेरच्या रांगांत केलेल्या प्रयोगात मास्क लावलेल्या माणसापासून लोक जास्त अंतर ठेवून उभे राहिले. अमेरिकेत मोबाइलच्या ठिकाणांवरून केलेल्या अभ्यासात वेगळी बाजू दिसली. मास्कसक्ती आली तेव्हा लोक घरात सरासरी ११ ते २४ मिनिटं कमी राहू लागले, आणि ज्या ठिकाणी जाणं वाढलं त्यांत ठळक होती रेस्टॉरंट्स. दोन निष्कर्षांत विरोध नाही. मास्क दिसला की सावध होणारा माणूसच मास्क आहे म्हणून घराबाहेर पडतो.

पण रेस्टॉरंटात तोंड उघडावंच लागतं. सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने ३१४ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. लक्षणं असून कोविड निघालेले आणि न निघालेले यांच्यात खरेदीला जाण्याच्या बाबतीत फरक नव्हता. बाहेर जेवायला जाण्याच्या बाबतीत होता: कोविड निघालेले बाहेर जेवून आलेले असण्याची शक्यता दुपटीहून थोडी जास्त. आत बसून जेवले की उघड्यावर, हे त्यांनी विचारलं नव्हतं, हा त्या पाहणीतला उणेपणा. तरी बाजार आणि हॉटेल यांतला फरक दिसायचा तो दिसलाच.

आत बसल्यावर काय होतं ते चीनमधल्या ग्वांगझूच्या एका रेस्टॉरंटाने दाखवलं. २४ जानेवारी २०२० ला शेजारशेजारच्या तीन टेबलांवर तीन कुटुंबं जेवत होती. टेबलांमध्ये मीटरभर अंतर, खोलीला खिडकी नाही, भिंतीवर एसी. एकाच माणसापासून साथ पसरून त्याच्यासकट एकूण दहा जण आजारी पडले, सगळे या तीन टेबलांवरचे. त्या मजल्यावर जेवलेल्या इतर ७३ जणांपैकी कुणालाही काही झालं नाही. एसीचा झोत त्या तीन टेबलांमधली हवा गोल गोल फिरवत होता. नंतरच्या मोजणीत त्या खोलीत माणशी दर सेकंदाला जेमतेम एक लिटर ताजी हवा येत असल्याचं निघालं. जागतिक आरोग्य संघटना अशा जागांसाठी माणशी निदान १० लिटर सांगते.

आपल्याकडे अनेकांची अशी पक्की समजूत असते की एसी बाहेरची हवा गार करून आत आणतो. भिंतीवरचा स्प्लिट एसी तसलं काही करत नाही. खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो, खोलीतच सोडतो. बाहेरच्या यंत्रातून फक्त उष्णता बाहेर जाते. म्हणून मे महिन्यात पणजीत 'आत एसीत बसूया' म्हणून जी खोली आपण आवर्जून निवडतो, ती बहुधा हॉटेलातली सर्वांत वाईट हवेची असते, आणि पंख्याखालची, दोन्हीकडून उघडी, माशा हाकलाव्या लागणारी बाहेरची जागा चांगल्या हवेची. किनाऱ्यावरचे शॅक तर त्याहून बरे. सक्तीच्या काळात गिऱ्हाईक आतल्या खोलीत तासभर तोंड उघडं ठेवून बसायचं, वेटर तिथे दिवसभर मास्क लावून वावरायचा. साधा मास्क घालणाऱ्यापेक्षा समोरच्याचं रक्षण जास्त करतो, म्हणजे त्या मास्कचा फायदा मुख्यतः जेवणाऱ्याला.

मास्कची सक्ती ३१ मार्च २०२२ ला गेली, हवा मात्र मोजता येते. कार्बन डायऑक्साइड दाखवणारा खिशात मावेल असा मीटर आता मिळतो. बाहेरच्या हवेत त्यावर साधारण ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२०, दिसतात. आपल्या उच्छ्वासात हे प्रमाण चाळीस हजारांच्या आसपास असतं. फॅमिली रूममध्ये मीटरने १,२०० दाखवले तर वरचे ७८० माणसांच्या उच्छ्वासातून आलेले, आणि ७८० भागिले चाळीस हजार म्हणजे जवळजवळ दोन टक्के. दर पन्नास श्वासांतला एक आधी कुणीतरी घेऊन सोडलेला. आकडा २,००० वर गेला तर दर पंचविसातला एक. सोलकढी यायच्या आत टेबल बदलून मागायला एवढं कारण पुरे.