नाव चुकतं ते आधी कानात

"डट्टा नाही, दत्ता."

"तेच तर म्हणतोय मी. डट्टा."

मातृभाषा इंग्रजी असलेला माणूस आणि दत्ता नावाचा माणूस यांच्यात हे दोन-तीनदा घडतं. मग दत्ताच "चालेल, चालेल" म्हणून विषय मिटवतो. त्याला वाटतं, हा लक्षच देत नाही. समोरच्याला वाटतं, मी बरोबर म्हणतोय आणि हा उगाच अडून बसलाय. गोम अशी की दोघांच्या कानांवर आवाज तोच पडतो, पण दोघांना ऐकू वेगळंच येतं.

त म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांना टेकतं. ट म्हणताना ते मागे वळून टाळूला लागतं. इंग्रजीतला या जातीचा आवाज दातांमागच्या हिरडीवर निघतो, म्हणजे दोन्हींच्या अधेमधे. आपल्याला तो ट वाटतो, म्हणून आपण 'टाइम' असं लिहितो. इंग्रजी कानाला मात्र आपला त आणि आपला ट एकाच खणात पडतात.

हे खण कधी तयार होतात? जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातल्या संशोधकांनी १९८४ मध्ये नेमका हाच फरक तान्ह्या मुलांवर तपासला, हिंदीतले त आणि ट घेऊन. बाळाला आईच्या मांडीवर बसवायचं आणि एकच अक्षर पुन्हा पुन्हा ऐकवायचं. अक्षर बदललं की बाजूचं खेळणं उजळून हलायला लागतं. बाळाला फरक कळत असेल, तर ते आवाज बदलताच खेळण्याकडे मान वळवतं. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळं मान वळवत होती. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांमध्ये हे प्रमाण खूपच घसरलं होतं. भाषा शिकताना मेंदू आपल्या कामाचे फरक धरून ठेवतो आणि बिनकामाच्या फरकांकडे काणाडोळा करतो. वर्षाच्या आत हा हिशेब बराचसा झालेला असतो.

दत्ताच्या बाजूने फार ऐटीत यायचं कारण नाही, कारण आपलेही कान असेच घडलेत. पोलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष लेक वालेसा यांचं नाव घ्या. रोमन लिपीवरून आपण 'वालेसा' केलं. पोलिश लोक जे म्हणतात ते 'वावेंसा'च्या जवळ जातं, आणि त्यातले दोन्ही 'व' वेगळे आहेत. पहिल्याला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्याला ओठांचा चंबू होतो. आपल्या लिपीत दोन्हींसाठी एकच अक्षर आहे आणि बहुतेकांच्या कानातही एकच खण. चिनी नावांतले स्वरांचे चढउतार तर आपण सरळ सोडूनच देतो.

ज्याचं नाव आहे त्याला मात्र चूक लगेच टोचते. स्वतःचं नाव हा माणसाने सर्वात आधी ओळखलेल्या शब्दांपैकी एक असतो. साडेचार महिन्यांची बाळंसुद्धा तशाच लांबी-आघाताच्या इतर नावांपेक्षा स्वतःचं नाव जास्त वेळ ऐकतात, असं १९९५ च्या एका प्रयोगात दिसलं. नेव्हिल मोरे यांनी १९५९ मध्ये लोकांच्या दोन कानांत दोन वेगळे मजकूर सोडले आणि एकाकडेच लक्ष द्यायला सांगितलं. दुसऱ्या कानातलं जवळपास काहीच कुणाला सांगता येईना, पण त्यात स्वतःचं नाव आलं की सुमारे एक तृतीयांश लोकांना ते कळलं.

म्हणजे चुकणाऱ्याला चूक ऐकू येत नाही, आणि ज्याचं नाव आहे त्याला ती ऐकू आल्यावाचून राहत नाही. नावावरून होणारं अवघडलेपण बहुतांशी या तफावतीतून येतं. एकदा ओशाळला की माणूस नाव घेणंच टाळतो. "अहो", "ते आपले हे", नाहीतर नुसतं हसून भागवणं. हजेरी घेताना वाचणारा मध्येच थबकला, की आपलंच नाव आलंय हे ओळखून हात वर करणारे लोक जगभर आहेत. मला हे टाळणं चुकीच्या उच्चारापेक्षा वाईट वाटतं, कारण ते आपोआप पक्षपातापर्यंत जाऊ शकतं. उच्चारायला सोपं नाव असलेल्या माणसांबद्दल लोकांचं मत नकळत अधिक चांगलं होतं, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगमालिकेत दिसलं. अमेरिकेत अर्थशास्त्राची पीएचडी करून नोकरी शोधणाऱ्यांच्या पाहणीतही, नाव उच्चारायला जितकं अवघड, तितकी विद्यापीठात कायम होऊ शकणारी जागा मिळण्याची शक्यता कमी, असं आढळलं.

मग करायचं काय? तेच नाव मोठ्याने पुन्हा म्हणून उपयोग होत नाही, कारण ऐकणाऱ्याचा खण तोच राहतो. "जीभ दाताला लाव" हे सांगणं जास्त कामाचं. कान मोठेपणी पुन्हा घडवता येतो का, हे जपानी भाषकांवर तपासलं गेलं आहे. त्यांना इंग्रजीतले र आणि ल वेगळे ओळखणं फार जड जातं. १९९० च्या दशकातल्या प्रयोगांत त्यांना निरनिराळ्या माणसांच्या आवाजात शब्द ऐकवले, 'रॉक' की 'लॉक' ते विचारलं आणि बरोबर की चूक ते लगेच सांगितलं. काही आठवड्यांत ओळखणं सुधारलं. बोलण्याचा सराव कुणीच दिला नव्हता, तरी उच्चारही सुधारले आणि तीन महिन्यांनंतरही ते टिकून होते. मात्र ज्यांचा कान सर्वात जास्त सुधारला, त्यांचीच जीभ सर्वात जास्त सुधारली असं काही दिसलं नाही.