ऑल-इन कधी जायचं?

पणजीला मांडवीत नांगरलेल्या कॅसिनो जहाजांवर पोकरची स्पर्धा रंगात आली की ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधीच सक्तीने लावायच्या चिप्स, वाढत जातात. अशा वेळी थोडक्या चिप्स घेऊन चांगल्या पानांची वाट बघत बसणारे बरेच असतात. माझ्या मते ही वाट बघणंच सगळ्यात महागात पडतं.

समजा दोघांनी लावायचे ब्लाइंड, स्मॉल 500 आणि बिग 1,000, वर 1,000 चा अँटी, म्हणजे ब्लाइंडखेरीजची सक्तीची भर. पॉटमध्ये, म्हणजे जिंकायच्या ढिगात, 2,500 आधीच पडलेत. तुमच्याकडे 10,000 आहेत, आधीच्यांनी पानं टाकलीत आणि डीलरच्या जागेवरून तुम्ही सगळ्या चिप्स पुढे सरकवल्यात, म्हणजे ऑल-इन गेलात. दहातल्या सहा वेळा उरलेले दोघं, म्हणजे ब्लाइंडवाले, माघार घेतात. चार वेळा बिग ब्लाइंडवाला तेवढ्याच चिप्स लावून भिडतो आणि तेव्हा तुमची जिंकण्याची शक्यता 35 टक्केच. तरीही सरासरी 510 चिप्सचा फायदा! तो पानांमुळे नाही, समोरच्यांच्या माघारीमुळे.

आता 3,000 उरेपर्यंत थांबा. बिग ब्लाइंडवाल्याला आणखी 2,000 घालून 5,500 जिंकायचे असतात. 27 टक्के शक्यता त्याला पुरते. कुठल्याही दोन पानांविरुद्ध सत्ती-दुर्रीसुद्धा जवळपास 35 टक्के वेळा जिंकते. तो कशाला सोडेल?

बक्षिसांच्या उंबरठ्यावर तर गणितच बदलतं. चौघांकडे सारख्या चिप्स, बक्षिसं तिघांनाच: 50, 30 आणि 20 हजार. प्रत्येकाच्या चिप्सची किंमत एकूण लाखाचा चौथा हिस्सा, 25 हजार. एकाला बाद करून तुमच्या चिप्स दुप्पट झाल्या, की पहिलं येण्याची शक्यता निम्मी, दुसऱ्याची एक तृतीयांश, तिसऱ्याची एक षष्ठांश. किंमत भरते सुमारे 38,300, दुप्पट नाहीच. क्रमांकांच्या शक्यता काढायचं हे सूत्र डेव्हिड हार्विल यांनी 1973 मध्ये शर्यतीच्या घोड्यांसाठी मांडलं आणि 1987 मध्ये मेसन मालमुथ यांनी ते पोकरला लावलं.

25 हजार पणाला लावून 38,300 च मिळतात, म्हणून इथे भिडणाऱ्याला 65 टक्के खात्री लागते. समोरचा कुठल्याही पानांवर ऑल-इन जात असला, तरी वेगवेगळ्या रंगांचे एक्का-राजा जेमतेम तिथवर पोचतात! आधी चिप्स सरकवणाऱ्याचं पारडं जड होतं ते यामुळे, आणि मोठा स्टॅकवाला, म्हणजे जास्त चिप्सवाला, या वेळी सगळ्यांना दाबतो तेही यामुळेच.

सूत्राला एक गोष्ट मात्र दिसत नाही: पुढचा बिग ब्लाइंड कोणावर येणार. तो तुमच्यावरच येणार असेल आणि चिप्स मोजक्याच उरल्या असतील, तर सूत्र सांगतं त्याहून थोडी कमजोर पानंही आत्ताच सरकवावीत.