कुत्र्या-मांजरांचे दात आणि भूल: हा वाद आला कुठून

कुत्र्या-मांजरांचे दात भूल देऊनच साफ करायचे की भूल न देताही चालतं, हा वाद समजायला थोडं मागे जावं लागतं. गुरांच्या बाजारात आजही सौद्याआधी जनावराचा खालचा ओठ ओढून दात बघतात. आदत, दुसा, चौसा, जुळलेला. हे शब्द वयाचे, आणि वयावरून भावाचे. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, त्यामुळे सगळा हिशोब खालच्या दातांवर. म्हणजे जनावराचं तोंड उघडून बघायची सवय आपल्याला फार जुनी आहे, फक्त ते बघणं घेणाऱ्याच्या सोयीचं होतं, याला इथे काही दुखतंय का हा प्रश्न त्यात सहसा नसायचा.

घोड्यांचंही तसंच. मंगोलियात सापडलेल्या कवट्यांवरून साधारण 3000 वर्षांपूर्वी तिथले लोक घोड्यांच्या दातांवर काहीतरी उपचार करून बघत होते असं दिसतं, आणि पुढे धातूचं कडियाळं, म्हणजे लगामाचा तोंडात बसणारा भाग, आल्यावर त्याच्या आड येणारा छोटा दात काढून टाकायला लागले. घोडा लगामाला नीट चालावा म्हणून. मुंबईत परळला 1886 मध्ये पशुवैद्यक कॉलेज निघालं तेव्हाही घोडे आणि गुरं हीच मुख्य जनावरं होती. घरातलं कुत्रं-मांजर या चित्रात खूप उशिरा आलं.

आणि आलं ते गमतीशीर नाही, थोड्या वाईट वाटणाऱ्या वाटेने आलं. 1960-70 च्या दशकांत माणसांच्या हिरड्यांचा आजार नेमका कशाने होतो हे शोधताना बीगल कुत्र्यांवर प्रयोग झाले. 1975 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चार वर्षांच्या एका प्रयोगात काही बीगलांचे दात नियमित ब्रश केले आणि काहींचे अजिबात केले नाहीत. न केलेल्यांच्या हिरड्या आधी सुजल्या आणि मग दाताला धरून ठेवणारं हाड झिजत गेलं. दातावरचा चिकट थर, म्हणजे प्लाक, हेच मूळ आहे हे त्यातून पक्कं झालं. माणसांच्या डेंटिस्टांनी ते लगेच उचललं. ज्या प्राण्याच्या तोंडात हे सिद्ध झालं त्याच्या डॉक्टरांपर्यंत ते रोजच्या कामात यायला मात्र अजून बराच काळ गेला. अमेरिकेत 1976 मध्ये या विषयात रस असलेले पशुवैद्य एकत्र आले आणि 1988 मध्ये तिथे पशुदंतवैद्यक ही वेगळी स्पेशालिटी झाली.

आता खरा गुंता, शब्दाचा. तिकडे या कामाला आधी ‘प्रोफी’ म्हणायचे, म्हणजे आजार होऊ नये म्हणून केलेली सफाई, मग नुसतं ‘डेंटल’ झालं, आणि आपल्याकडे आलं ते ‘टीथ क्लीनिंग’ किंवा ‘स्केलिंग’ म्हणून. पण टेबलावर येणाऱ्या बहुतेक कुत्र्यांना आजार आधीच झालेला असतो, मग होऊ नये म्हणून कसलं? म्हणून तिथल्या काही डॉक्टरांनी ‘तोंडाची पूर्ण तपासणी आणि उपचार’ असं लांबलचक नाव आणलं, ते बरोबर आहे पण बोलायला अवघड, त्यामुळे लोकांच्या तोंडी काही बसलं नाही. आणि माझ्या मते सगळी गडबड इथेच आहे, कारण ‘क्लीनिंग’ म्हटलं की ते नखं कापणं, कान साफ करणं यांच्या रांगेत जाऊन बसतं, आणि मग ग्रूमिंगच्या दुकानात भूल न देता दात खरवडून मिळतात तर हॉस्पिटलमध्ये कशाला जायचं असं कुणालाही वाटणारच.

सफाई कुठे संपते आणि उपचार कुठे सुरू होतो, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या नियमांनी ही रेघ अवजारावर ओढली: ब्रश, पेस्ट, फ्लॉस, कापसाचा बोळा कुणीही वापरा, पण त्यापलीकडचं दातांचं काम पशुवैद्यकाचं. 2004 मध्ये अमेरिकेतल्या दंततज्ज्ञांनी भूल न देता खरवडण्याच्या विरोधात जाहीर भूमिका घेतली. आणि 2013 मध्ये तिथे प्राण्यांच्या हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या संस्थेने नियमच केला की दातांचं काम पूर्ण भूल देऊन आणि श्वासनलिकेत नळी घालूनच व्हायला हवं. मान्यता घेणं तिथे ऐच्छिक आहे, तरी यावरून खूप वाजलं. खर्च वाढणार, म्हातारी कुत्री आहेत, हृदयाचा त्रास असलेली आहेत, त्यांच्या मालकांनी काय करायचं?

नळीचा मुद्दा बऱ्याच जणांना जास्तीचा वाटतो, पण तो साधा आहे. अल्ट्रासॉनिक स्केलर, म्हणजे दातावरचा कडक थर काढायचं यंत्र, चालतो तेव्हा सतत पाण्याचा फवारा उडतो आणि त्या पाण्यात खरवडलेली सगळी घाण असते. नळी नसेल तर ते फुफ्फुसात उतरू शकतं. शिवाय आजार हिरडीच्या खाली असतो, तिथे जागं कुत्रं हात लावू देत नाही. 1998 मध्ये आलेल्या एका तपासणीत, वरून ठीक दिसणाऱ्या दातांचे एक्स-रे काढले तर 27.8 टक्के कुत्र्यांत आणि 41.7 टक्के मांजरांत उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचं काहीतरी निघालं.

भुलीची भीती खोटी नाही हेही तितकंच खरं. ब्रिटनमध्ये 2002 ते 2004 या काळातल्या मोठ्या पाहणीत भूल आणि सिडेशनमुळे (म्हणजे नुसती गुंगी देण्यामुळे) दगावण्याचं प्रमाण कुत्र्यांत 0.17 टक्के, मांजरांत 0.24 टक्के आलं. धडधाकट कुत्र्यांत ते 0.05 टक्के, आजारी असलेल्यांत 1.33 टक्के. म्हणजे आधीची रक्ततपासणी, हृदय तपासणं यावरच सगळं आहे आणि डॉक्टरला हे विचारायचा मालकाला पूर्ण हक्क आहे. तरी दोन्ही बाजू तोलून मला 2013 चा नियम बरोबरच वाटतो.

आमच्या कुत्रीच्या बाबतीत मी उलटं केलं होतं. आठ वर्षांची होती, भुलीला घाबरून दोनदा दुकानात दात खरवडून आणले, पांढरे स्वच्छ दिसायचे. मग डाव्या डोळ्याखाली सूज आली. आम्हाला वाटलं काहीतरी चावलं. डॉक्टरांनी ओठ वर करून दाखवलं, वरचा मोठा चावायचा दात उभा चिरलेला होता, कडक हाडाने, आणि त्याच्या मुळाशी पू झाला होता. त्या दाताची मुळं डोळ्याखालीच येतात. किती महिने ती एकाच बाजूने खात होती आणि आम्ही ते ‘म्हातारी झाली, सावकाश खाते’ म्हणून सोडून दिलं.

आपल्याकडे 1984 च्या केंद्रीय कायद्याने प्राण्यांवर उपचार हे नोंदणीकृत पशुवैद्याचं काम ठरवलंय, पण दात खरवडणं उपचारात धरायचं की सजावटीत याकडे कुणी फारसं बघत नाही. मुंबई-पुण्यात डेंटल एक्स-रे असलेली क्लिनिक हळूहळू दिसायला लागलीत, तालुक्याच्या गावी मात्र स्केलर मिळाला तरी खूप झालं. म्हणून घरचा ब्रश अजूनच महत्त्वाचा, आणि तो रोज, कारण प्लाक दोन-तीन दिवसांत कडक व्हायला लागतो, मग ब्रशने निघत नाही. पेस्ट प्राण्यांचीच घ्या. आपल्या पेस्टमध्ये फ्लोराइड असतं, काहींत झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ), आणि कुत्रं चूळ भरत नाही, सगळं गिळतं. झायलिटॉल कुत्र्याला विषारी आहे.